वादीतल्या वळणावर दादा उभे राहिले

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, दादा पाण्यात पडले होते का? दादा म्हणाले, "पडलो नाही, उतरलो." तुमची फुफी मागून म्हणाली, "पडलात, अब्बा. वुई हॅव फोटोज." मग सगळे एकदम बोलायला लागले आणि नेहमीप्रमाणे तुमच्या शाळेची बस आली. म्हणून जे झालं ते मी, तुमची दादी, क्रमाने लिहिते आहे. तुमचे पप्पा वाचून दाखवतील. बहिणीची गोष्ट वाचताना त्यांना मधे मधे हसू आलं तर थांबू द्या.

आधी जागा समजून घ्या. तुमच्याकडे नदी म्हणजे बारा महिने वाहणारी. इथे रास अल खैमात एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे तपकिरी डोंगर, आणि नदी कुठेच नाही. डोंगरात वादी असते. दोन्ही बाजूंना उंच कडे, तळाला गोटे आणि वाळू, आणि वर्षातले बहुतेक दिवस पाण्याचा थेंब नाही. हिवाळ्यात वर कुठेतरी पाऊस झाला की तीच वादी तासाभरात मोटारी वाहून नेते. ढग दिसले की शहाण्या माणसाने तिकडे जायचं नाही.

अशाच एका वादीच्या घळीत काही वर्षांपूर्वी पाण्याचा रस्ता तयार केला आहे. खाली तळं आहे. त्यातलं पाणी मोठ्या पंपांनी वर चढवतात आणि घळीतून खाली सोडतात. कडे खरे आहेत, तळ बराचसा सिमेंटचा, पण रंग इतका जुळवला आहे की मला दोन्हींतला फरक हात लावल्यावर कळला. सकाळी नऊला भोंगा वाजतो आणि नदी सुरू होते. संध्याकाळी पाचला बंद. मधल्या वेळात लोक रबराच्या बोटीत बसून, ओरडत, भिजत खाली येतात. आणखी पैसे मोजून पुन्हा वर जातात.

तुमची फुफी तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून गेली. ती हमरिया फ्री झोनमध्ये एका शिपिंगच्या ऑफिसात होती. कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे, तो कुठे चालला आहे, याचे कागद बनवायचे. काम चोख करायची. पण शनिवार-रविवार घरी नसायची. विचारलं तर "वादी" एवढंच उत्तर. हळूहळू ती तिथे दोऱ्या गुंडाळायला लागली, मग हेल्मेटं वाटायला, मग वर्षभर रीतसर शिकली. आणि एके दिवशी जेवताना तिने सांगितलं की ऑफिसात राजीनामा दिला, आता बोटीवरची गाइड होणार.

दादांनी घास खाली ठेवला. "माझ्या बापाने जन्मभर वल्हं मारलं, ते मी मारू नये म्हणून," ते म्हणाले. "आणि माझी पोरगी एसीतली खुर्ची सोडून वल्हं मारायला निघाली."

हे तुम्हाला माहीत नसेल. दादांचे वडील रत्नागिरीजवळच्या एका खाडीवर होडी चालवायचे. या काठाची माणसं त्या काठाला, दिवसभर. शाळेत जाणारी मुलं, माशांच्या टोपल्या, कधी नवरानवरी, कधी बकऱ्या. दादा दहा वर्षांचे होते तेव्हापासून होडीत बांबू धरून उभे. मॅट्रिक झाले, इथे आले, टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर लागले आणि पुन्हा होडीत कधी बसले नाहीत. त्या रात्री ते एवढंच बोलले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, पण फुफीने दाखवलेला एकही व्हिडिओ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नाही.

नवी नोकरी पक्की नव्हती. पत्र तयार होतं, सही व्हायची होती, आणि सही शेवटच्या चाचणीनंतर. चाचणी म्हणजे बोट तिने एकटीने खाली आणायची आणि बोटीत अशी चार माणसं हवीत जी पूर्वी कधीच बसलेली नाहीत, कारण गिऱ्हाईक तसंच येतं. एक दिवस, दोन फेऱ्या. दोन्ही बिघडल्या तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. तिकडे जुन्या ऑफिसात तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलीसुद्धा होती. इथे नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि तिच्या व्हिसाची मुदत फ्रिजवर चिकटवलेली होती. ती मीच चिकटवली होती. रोज दूध काढताना दिसायची.

चार माणसं म्हणजे तिच्या ऑफिसातल्या तीन मुली आणि मी. मी आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरकडे जाऊन बोट वल्हवायला तंदुरुस्त असल्याचा दाखला घेतला. डॉक्टरांनी दोनदा वय विचारलं. आदल्या संध्याकाळी तिघींपैकी एकीला ताप आला. फुफी फोनवर फोन करत होती आणि कोणी मिळत नव्हतं.

दादा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "मी येतो."

"अब्बा, तुमचा मेडिकल..."

"मागच्याच महिन्यात झालंय सगळं. आणि पाण्यात मला कोण काय शिकवणार?"

फुफी माझ्याकडे बघायला लागली. मी भाजी चिरत राहिले. दुसरं माणूस नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

जानेवारीतली सकाळ होती, थंड आणि स्वच्छ. वादीत पोचलो तेव्हा पाणी सुरू व्हायचं होतं आणि घळ कोरडी, अगदी गप्प होती. फॉर्म भरले. मी घट्ट टोपी घातली, त्यावर हेल्मेट, त्यावर कोणीतरी हनुवटीखाली पट्टा इतका आवळला की मला बोलता येईना. दादा म्हणाले, "हा पट्टा घरी न्यायला मिळतो का, विचार." ऑफिसातल्या दोघी, एक केरळची आणि एक मनिलाची, दोघीही हसल्या. मनिलाच्या मुलीला काहीच कळलं नव्हतं, तरी हसली.

परीक्षक नेपाळचे होते. पन्नाशीचे, बुटके, शांत. हिंदीत बोलायचे. ते आमच्या बोटीत बसणार नव्हते, काठावरच्या वाटेने बरोबर चालणार होते. दादांना त्यांनी वाकून सलाम केला. "अंकल, आप कभी नाव में बैठे हैं?"

"राफ्ट में नहीं," दादा म्हणाले. खरंच होतं, रबरी बोटीत ते कधी बसले नव्हते.

मग फुफीने हुकूम शिकवले. हुकूम सगळे इंग्रजीत. फॉरवर्ड म्हणजे पुढे वल्हवा. बॅक म्हणजे मागे. डाउन म्हणजे हातातलं सोडून न देता बोटीच्या तळाशी बसा. आणि काहीही झालं तरी उभं राहायचं नाही. हे तिने तीनदा सांगितलं. दोन्ही मुलींना सांगताना तिचा आवाज चांगला खणखणीत होता. मी मनात म्हटलं, ही कुठे शिकली असं बोलायला? मग ती दादांकडे वळली आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही पण... म्हणजे, बसूनच राहा, हं?"

"हो गो, कळलं. पण तू वल्हं धरतेस ते असं नाही धरत. मनगट दुखेल."

"इट्स अ पॅडल, अब्बा."

"नाव काहीही दे."

भोंगा वाजला. आधी वरून नुसता आवाज आला, मग गोट्यांमधून पाण्याची एक जीभ आली, आणि पाच मिनिटांत घळ भरून वाहायला लागली. इतकी वर्षं या देशात राहून मी वाहतं पाणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पांढरं, हिरवट, कड्यांवर आपटणारं. दादांनी चष्म्याची दोरी घट्ट केली.

पहिले दोन उतार छान गेले. बोट खाली जाते, पोट वर राहतं, तोंडावर गार पाणी येतं. मी ओरडले असं मुली म्हणतात. मग डावीकडे वळण आहे. तिथे कडा पाण्याच्या आत आलेला आहे आणि सगळी धार त्या कड्यावर जाते. अशा वेळी फुफी मागून बोट वळवते, आम्ही तळाशी बसायचं, बोट कड्याला घासते आणि आपोआप निसटते. रबराची आहे, तिला काही होत नाही.

पण खाडीतली होडी लाकडाची असते. ती दगडावर गेली तर फुटते. म्हणून होडीवाल्याच्या मुलाने दगड दिसला की उभं राहायचं, बांबू दगडाला लावायचा आणि सगळ्या अंगाने रेटायचं. हे डोक्यात नसतं, पायात असतं. कडा जवळ आला आणि तुमचे दादा उठून उभे राहिले. पॅडल कड्याला लावलं आणि रेटलं.

"अब्बा, प्लीज," मागून आवाज आला. "अब्बा, बसा ना. प्लीज, अब्बा."

तेवढ्यात बोट कड्यावर आपटून उसळली. पॅडल एकीकडे, दादा दुसरीकडे.

घाबरू नका. पुढे सगळं भराभर आणि नीट झालं. लाइफ जॅकेटमुळे दादा बुचासारखे वर आले. फुफीने बोट संथ पाण्यात घातली, दोरी फेकली, ती पहिल्याच फेकीत त्यांच्या हातात गेली, आणि तिने जॅकेटचे खांदे धरून त्यांना आत ओढलं. एक बूट गेला. तुम्ही पाहिलेला फोटो त्याच वेळचा आहे. दादा बोटीच्या तळाशी बसून खोकत होते आणि म्हणत होते, "बोट वाचली ना?"

खाली पोचल्यावर परीक्षकांनी दादांना टॉवेल आणि चहा दिला. मग फुफीला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्यापासून चार पावलांवर. मला सगळं ऐकू आलं.

"रेस्क्यू फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "रन फेल."

ती भिजलेली दोरी गुंडाळत राहिली.

"उनको तुमने बोला नहीं. रिक्वेस्ट किया. दोनों लड़कियों को ऑर्डर, पापा को रिक्वेस्ट. पानी रिक्वेस्ट नहीं सुनता, बेटी." मग म्हणाले, "एक रन बाकी है. अंकल को आराम करने दो. मेरा एक नया ट्रेनी खाली बैठा है, अभी तक बोट में नहीं उतरा, उसको बिठा दूँगा. नियम में चलेगा."

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तुमचे पप्पा आणि फुफी लहान होते तेव्हा दादा रात्रपाळीला भट्टीवर असायचे. सकाळी यायचे, डोळे लाल, कपड्यांना भाजलेल्या मातीचा वास. आमची एकच खोली आणि स्वयंपाकघर. ते झोपले की घरात आवाज करायचा नाही, हा नियम मी केला. दादांनी कधीच सांगितलं नव्हतं. मुलं इतकी तयार झाली की खुणांनी भांडायची. एक जीभ दाखवायचा, दुसरी मूठ दाखवायची, आणि मी मधे बोट ओठावर ठेवून उभी. शेजारच्या बायका माझं कौतुक करायच्या, काय गुणाची मुलं. मलाही अभिमान होता. मग दादा दिवसपाळीला आले, सुपरवायझर झाले, निवृत्त झाले, आम्ही मोठ्या घरात आलो. पण दादा समोर असले की दोन्ही मुलांचा आवाज आजही खाली जातो. तुमचे पप्पा हे वाचताना नाही म्हणतील. पुढच्या फोनला लक्ष द्या.

म्हणून मी ती चार पावलं चालून गेले आणि तिला म्हटलं, "तू ओरड त्यांच्यावर. मी सांगते आहे. तो नियम माझा होता, आणि तो आता नाही."

"अम्मी, इट्स नॉट अ स्विच," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

दादांनी चहा संपवला आणि एका बुटावर उठले. "मी उतरतो," ते म्हणाले. "माझ्यामुळे पोरीचं नुकसान नको. त्या मुलाला बसवा."

हे अगदी बरोबर होतं, आणि सगळ्यात सोपं होतं. परीक्षकांनी त्या ट्रेनीला हाकही मारली. फुफी हेल्मेटचा पट्टा काढत होती, लावत होती. मग म्हणाली, "नाही. अब्बा बसतील."

"बेटा, लास्ट रन है," परीक्षक म्हणाले.

"आय नो, सर. कल किसी के दादाजी आएँगे. उनको क्या, घर भेज दूँ?"

परीक्षकांनी खांदे उडवले आणि दादांसाठी कुठूनतरी निळे रबरी बूट आणून दिले. बोट वर नेईपर्यंत दहा मिनिटं होती. दादा काठावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. "चल. ओरड माझ्यावर."

"डाउन," फुफी म्हणाली.

"एवढ्याने मांजर उठत नाही."

"डाउन!"

"मांजराने एक डोळा उघडला."

तिला हसू फुटलं आणि मग काही जमेचना. दोन्ही मुलीही शिकवायला लागल्या. केरळच्या मुलीने तिच्या आईसारखं ओरडून दाखवलं, तेव्हा वरच्या कड्यावरची पाखरं उडाली. फुफीचा आवाज मात्र दादांपर्यंत पोचायच्या आत मऊ व्हायचा. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "यल्ला, चलो."

या वेळी तिने दादांना पुढून काढून मागे, आपल्या अगदी समोर बसवलं. मी पुढे आले. म्हणून पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

पहिला उतार. दुसरा उतार. मला थंडी वाजत होती आणि मी मनात कुराणातली आयत म्हणत होते. वळण आलं. कडा आधीपेक्षा मोठा वाटला. मागे रबर चिरकल्याचा आवाज झाला. निळे बूट. पाय उठायला लागले होते.

"डाउन! अब्बा, खाली! खाली बसा! आत्ता!"

त्या घळीत आवाज दोन्ही कड्यांवर आदळून परत येतो, त्यामुळे तो आम्हाला दोनदा ऐकू आला. तिच्या जन्मापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी तळाशी बसले. दोघी मुली माझ्यावर बसल्या. काठावर फोटो काढणारा माणूससुद्धा खाली बसला म्हणतात. बोट कड्याला घासली, फिरली, निसटली. "फॉरवर्ड! जोरात! अब्बा, तुम्ही पण!" आम्ही वेड्यासारखं वल्हवलं, आणि मग पाणी एकाएकी गप्प झालं आणि आम्ही तळ्यात होतो.

मी मागे वळले. दादा बोटीच्या तळाशी मांडी घालून बसले होते, पॅडल छातीशी धरून, शाळेतल्या मुलासारखे. उठायचा हुकूम झाला नव्हता म्हणून उठले नव्हते.

"इतकी वर्षं हा आवाज कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"यू वेअर स्लीपिंग, अब्बा," ती म्हणाली, आणि रडायला लागली, आणि दादांनी ओल्या हाताने तिच्या हेल्मेटवर दोन थापट्या मारल्या. हेल्मेटवर थापटी मारली तर आत काही कळत नाही, पण त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

परीक्षक पाण्याच्या कडेला आले. कागदावर सही केली, कागद ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातला आणि आपल्याच खिशात ठेवला. "ऑफिस में दूँगा. फर्स्ट तारीख से आ जाना." मग काहीच विशेष न झाल्यासारखे पुढच्या बोटीकडे गेले.

आम्ही सगळे काठावर चढलो. मुली मिठ्या मारत होत्या. मी पट्टा सोडवायच्या मागे होते. दादांना भूक लागली होती. पलीकडे पराठ्याची टपरी दिसत होती, ते रबरी बूट फटाफट वाजवत तिकडे निघालेसुद्धा.

"अब्बा!"

ते थांबले.

"बोट वर ठेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. हँडल धरा. डावीकडचं, मागचं."

आवाज पुन्हा तसाच होता. तिने तो मुद्दाम काढला होता की आपोआप आला, मला सांगता येणार नाही. दादांनी टपरीकडे एकदा पाहिलं. मग परत आले, वाकले आणि डावीकडचं मागचं हँडल धरलं. तिने तीन म्हटल्यावर आम्ही पाचजणांनी बोट उचलली.